हात न करण्याची तालीम

थांबेबाईंचं खरं नाव हजेरीपटावर आहे आणि तिथेच राहतं. शिक्षण कार्यालयातल्या शिपायापासून डेपोतल्या मेकॅनिकपर्यंत सगळे त्यांना थांबेबाईच म्हणतात, कारण त्या थांबे ठरवतात. शाळेची बस कुणासाठी कुठे थांबणार, कुठल्या कोपऱ्यावर, दारापासून किती अलीकडे.

ऐकायला सोपं वाटतं. पण थांबेबाईंच्या मुलांना दारच नसतं. कुणी निवाऱ्यात राहतं, कुणी मावशीच्या सोफ्यावर झोपतं, कुणाला तीन आठवड्यांपुरती खोली मिळालेली असते. घर सुटलं तरी शाळा सुटू नये, निदान बाक तरी तोच राहावा, म्हणून कार्यालयानं तळघरात एक ‘आधार कक्ष’ काढला आहे. दोन टेबलं, एक कपाट, गरम पाण्याच्या पाइपाखाली टांगलेला नकाशा. नकाशावर रंगीत टाचण्या. टाचण्यांखाली नावं नाहीत. कुठली टाचणी कुणाची, हे थांबेबाईंच्या डोक्यात आणि कपाटातल्या कुलूपबंद फायलींत.

याला कारण आहे. एकवीस वर्षांपूर्वी थांबेबाई शाळेच्या बसवर मदतनीस होत्या. एकदा भरलेल्या बसमधून एक सातवीतला मुलगा निवाऱ्याच्या फाटकाशी उतरला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी फाटकावरची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. बस हसली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी थांबेबाई निवाऱ्यात गेल्या, तर ते कुटुंब सकाळीच कुठेतरी निघून गेलेलं.

“तो मुलगा अजून गैरहजर आहे,” असं त्या अजूनही म्हणतात.

तेव्हापासून त्यांच्या मुलांचं ठरलेलं. सकाळी बसमध्ये सगळ्यांत आधी चढायचं, दुपारी सगळ्यांत शेवटी उतरायचं. म्हणजे कोण कुठून येतं आणि कुठे जातं, ते बघायला बसमध्ये कुणी नसतं. थांबा दारासमोर कधीच नाही. आणि घ्यायला येणाऱ्या आईबापांनी वाट बघत उभं राहायचं नाही. काहीतरी करत असायचं.

थांबे तपासायला थांबेबाई दर रविवारी नवऱ्याला घेऊन निघतात. नवरा वीज मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. त्याला कोपऱ्यावर उभं करायचं, आपण शहरबसमध्ये बसून समोरून जायचं आणि खिडकीतून तो कसा दिसतो ते बघायचं.

“अहो, असे उभे राहू नका. वाट बघत असल्यासारखे दिसता.”

“वाटच बघतोय! नाश्त्याची!”

“हातांनी काहीतरी करा.”

“काय करू? येणाऱ्याजाणाऱ्याचं मीटर वाचू?”

“फोनवर बोला.”

“कुणाशी? माझी बायको तर बसमध्ये बसलीय.”

गल्लीत तो सगळ्यांना सांगतो, “आमच्या घरी रविवार म्हणजे काय, तर ही मला रस्त्यावर आणते.”

बटणचा थांबाही असाच एका रविवारी ठरला.

बटण म्हणजे चौथीतली मुलगी. कितीही उकडलं तरी शर्टाचं सगळ्यांत वरचं बटण गळ्याशी लावलेलं, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. ती आणि तिची आई निवाऱ्यात आल्या, त्याआधी सहा आठवडे एका जुन्या गाडीत झोपत होत्या. पार्किंगमध्ये पोलिसांनी काचेवर टकटक केली आणि बालसंरक्षण विभागात आईच्या नावावर एक नोंद झाली. “आणखी एक नोंद झाली, तर मुलीला तुमच्याकडे ठेवायचं की नाही, ते आम्हाला बघावं लागेल,” असं तिथल्या अधिकाऱ्यानं आईला समोर बसवून सांगितलं होतं. ते वाक्य जसंच्या तसं फायलीत आहे.

निवाऱ्यापासून दोन गल्ल्यांवर एक लाँड्री होती. रस्त्याकडे मोठी काच, आत बारा मशिनं, मध्ये घड्या घालायचं लांबलचक टेबल. थांबेबाईंनी मायलेकींना तिथे नेलं.

“ताई, मी बाहेरच उभी राहते ना,” आई म्हणाली. “तिला लगेच दिसेन.”

“तिला दिसशील आणि बाकी जगालाही दिसशील. आत जा. निवाऱ्याच्या चादरी घेऊन बस. त्यांच्याशी बोललेय मी, त्यांनाही धुऊन हव्याच असतात. काचेशी उभं राहायचं, घड्या घालायच्या. येणाऱ्याला वाटलं पाहिजे, एक बाई कपडे धुतेय.”

“आणि मी?” बटणनं विचारलं.

“तू बसमधून बघायचं. आई दिसली की उतरायचं. हात करायचा नाही.”

“हाक?”

“हाकही नाही. बस वळली की मग आत जायचं.”

“चोरासारखं,” बटण म्हणाली.

“बटण! बाईंशी असं बोलतात?”

“आई! बाहेर बटण म्हणायचं नाही ना!”

मग तालीम झाली. थांबेबाई स्वतः बस झाल्या. दोन्ही हातांत न दिसणारं चाक धरून त्या कोपऱ्यावरून वळून यायच्या, काचेसमोर थांबायच्या, तोंडानं दार उघडायच्या. बटण त्यांच्या मागून उतरायची. पहिल्यांदा तिनं हात केला. दुसऱ्यांदा आईनं मान वर करून तोंडभर हसून दाखवलं. तिसऱ्यांदा दोघी इतक्या चोख वागल्या की लाँड्रीवाली बाई थांबेबाईंकडे बघून म्हणाली, “यांची काय ओळख नाय वाटतं?”

थांबेबाईंना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सात महिने सगळं सुरळीत चाललं. फेरीवरचे ड्रायव्हरकाका मुरलेले होते. चार वीसला लाँड्री, गाडीत बटण एकटी. काका थांबायचे, समोर बघायचे, आणि बटण आत जाईपर्यंत आरशातून नजर ठेवायचे. सगळं न बोलता.

मग एका मंगळवारी काकांची दाढ काढली.

चार पंचविसला तळघरातला फोन वाजला.

“बाई, डेपोतून बोलतोय, काकांच्या जागी आलेला ड्रायव्हर. पाच नंबरच्या फेरीवर एक मूल उतरलं नाही.”

“उतरलं नाही म्हणजे काय?”

“घ्यायला कुणी नव्हतं.”

“कुठला थांबा?”

“लाँड्री.”

थांबेबाईंनी घड्याळ बघितलं. बटण उतरते चार वीसला. लाँड्रीपासून डेपो पंधरा मिनिटं. हिशेब जुळेना.

“तुम्ही आत्ता डेपोत आहात?”

“आत्ताच शिरलो. साहेबांनी फॉर्म काढलाय.”

तो फॉर्म थांबेबाईंना पाठ होता. पालक न आल्यामुळे परत आणलेलं मूल. साडेपाचपर्यंत पालक समोर येऊन सही करणार नसतील तर बालसंरक्षण विभागाला फोन. त्यांची गाडी येते, मूल घेऊन जाते, आणि नोंद होते.

दुसरी नोंद.

त्यांनी फाइल उघडली. आईचा फोन दोन आठवड्यांपासून बंद, फायलीत तशी टीप त्यांच्याच अक्षरात. निवाऱ्याचा नंबर लावला. वाजत राहिला. निवारा दिवसा रिकामा करतात, सहाशिवाय दार उघडत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तो दोनदा लावला. मग चष्मा टेबलावर तसाच ठेवून निघाल्या आणि जिन्यावरून परत आल्या चष्म्यासाठी.

डेपो दोन रस्ते पलीकडे. थांबेबाई पोहोचल्या तेव्हा चार चाळीस झाले होते आणि त्यांना धाप लागली होती. डेपोसाहेब काचेच्या खोलीत बसले होते. समोर फॉर्म, फॉर्मवर पेन, पेनाशेजारी फोन, सगळं एका रेषेत. साहेबांचं टेबल नेहमी असंच असतं.

“बसा बाई.”

“बसायला वेळ नाहीये साहेब. ड्रायव्हर कुठाय?”

ड्रायव्हर दारातच उभा होता. बदलीवरचा तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी.

“बाई, मी तीन मिनिटं थांबलो. दोनदा हॉर्न दिला. मी मुलीला विचारलं पण, तुझी आई कुठाय म्हणून.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आली नाही.”

“किती वाजले होते?”

“तीन पन्नास.”

“तीन पन्नास? लाँड्री चार वीसला आहे!”

“हो, पण मी फेरी उलटी मारली ना. उलटं फिरलं की तीन सिग्नल वाचतात. उतरणारी मुलं तीच, थांबे तेच. कागदावर क्रम बदलू नका असं कुठे लिहिलंय?”

नव्हतंच लिहिलेलं. ते थांबेबाईंनी मुद्दामच लिहिलं नव्हतं. लिहिलं की कुणीतरी का म्हणून विचारणार. का ते सांगितलं की कुणाला तरी कळणार. काकांना माहीत होतं, आणि काका काही बोलत नसत. एवढ्यावर सात महिने चाललं होतं.

“मग तेव्हा गाडीत आणखी मुलं होती?”

“होती की. तिच्याच वर्गातल्या दोघी होत्या, मागच्याच बाकावर. काय बडबड, बाप रे!”

थांबेबाईंनी काचेतून आवारात बघितलं.

“पोरगी कुठाय?”

“गाडीतच. उतरायला तयार नाही. मी चॉकलेट दिलं, ते बाकावर ठेवलंय तिनं. हात नाही लावला.”

बस आवारात उभी होती. इंजिन बंद, दिवे बंद. बटण तिसऱ्या बाकावर बसली होती, दप्तर मांडीवर, बटण गळ्याशी. थांबेबाई चढल्या आणि तिच्याकडे न बघता तिच्या पुढच्या बाकावर जाऊन बसल्या, तिच्याकडे पाठ करून. समोरच्या काचेतून आवारातली भिंत दिसत होती.

“आज कंटाळा आला असेल ना,” त्या भिंतीला म्हणाल्या.

मागे दप्तराची चेन सरकली.

“माझ्याही पायात गोळे आले. पळत आले. तू मला पळताना बघितलं असतंस तर हसली असतीस.”

चेन पुन्हा सरकली.

“बटण, मी रागावणार नाही. आई आली होती का?”

चेन थांबली.

“होती,” बटण म्हणाली.

थांबेबाईंनी डोळे मिटले. “कुठे?”

“काचेमागे. घड्या घालत होती.”

“मग सांगितलं का नाहीस गं?”

“त्या दोघी होत्या ना मागे! आणि ते काका किती मोठ्यानं विचारत होते, तुझी आई कुठाय, तुझी आई कुठाय. त्या दोघी काचेला नाक लावून बघत होत्या. मी दाखवलं असतं तर त्यांनी आईला बघितलं असतं. निवाऱ्याच्या चादरी घेऊन. त्यांच्यावर शिक्का असतो.” तिचा आवाज बारीक होत गेला. “तुम्हीच सांगितलंय. हात करायचा नाही. हाक मारायची नाही.”

“आणि आईनं?”

“आईनं बघितलं. मग खाली मान घातली.”

घालणारच. तिची बस चार वीसची. तीन पन्नासला आली, खिडकीत दोन अनोळखी चेहरे. शिकवलेल्या आईला वाटलं असणार की ही वेळ नाही, ही उतरायची फेरी नाही, बस पुन्हा येईल. मायलेकींनी शिकवलेलं तंतोतंत केलं होतं. कुणी कुठे चुकलंच नव्हतं.

“बाई, आईला शिक्षा होणार?”

“नाही.”

“ते साहेब गाडीशी उभे राहून फोनवर म्हणत होते, साडेपाच म्हणून. मागं पार्किंगमध्ये पोलीस आले तेव्हा पण असंच झालं होतं. साडेपाच म्हणाले आणि मग मोठी गाडी आली.”

थांबेबाईंनी मनगटावर बघितलं. चार सत्तावन्न. वळून त्या पहिल्यांदा बटणकडे बघत म्हणाल्या, “तू इथेच बस. हलू नकोस.”

काचेच्या खोलीत साहेबांनी पेन उचललं होतं.

“साहेब, आई थांब्यावर होती. मुलीनं सांगितलं.”

“असेल. पण आता नाही ना? मला सही लागते, बाई. होती-बिती लागत नाही.”

“बस द्या. मी मुलीला घेऊन जाते.”

“डेपोत आणलेलं मूल बाहेर न्यायचं नाही. हा नियम मी केलेला नाही.”

“डेपोत आणलंय कुठे? ती अजून गाडीतच आहे. उतरलीच नाहीये. तुमचा फेरीचा कागद बघा. लाँड्रीपुढे खूण आहे का? नाही. म्हणजे फेरी अजून संपलेली नाही. शेवटचा थांबा बाकी असताना गाडी आत घेतली, हे आधी तुमच्या वहीत लिहावं लागेल. मग या फॉर्ममध्ये.”

साहेबांनी कागद बघितला. मग थांबेबाईंकडे. मग दारातल्या ड्रायव्हरकडे असं बघितलं की त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

“तुम्ही वकील का नाही झालात?”

“बस मिळतेय का?”

“साडेपाच. पाच एकतीस नाही. मी फोन हातात धरून बसतोय. आई माझ्याशी बोलली पाहिजे आणि कागदावर तिची सही पाहिजे.” त्यांनी फॉर्म थांबेबाईंच्या हातात दिला. “आणि बाई, माझ्याही घरी दोन आहेत. मला राक्षस समजू नका.”

बस निघाली. बटण तिसऱ्या बाकावर, थांबेबाई तिच्याशेजारी. ड्रायव्हरचे कान लालभडक झाले होते. तीन सिग्नल वाचवणाऱ्या त्या पोराला आता एकही सिग्नल सोडत नव्हता.

पाच बाराला लाँड्री. काचेमागे कुणी नव्हतं. थांबेबाई आत धावल्या. टेबलावर चादरींचा ढीग, काठाला काठ लावून रचलेला.

“ती चादरीवाली? आत्ताच गेली की!” लाँड्रीवाली म्हणाली. “चार वीसची वाट बघितली तिनं. मग साडेचार, मग पावणेपाच. त्याच चादरी उलगडायची, पुन्हा घडी. उलगडायची, घडी. मला बघवेना. म्हटलं, बाई, काय झालंय? तर म्हणे फोन द्या. शाळेत लावला.”

“मग?”

“तिकडून सांगितलं, असं नाव आमच्या बसच्या यादीतच नाही.”

खरंच होतं. साध्या यादीत ते नाव नव्हतं. ते कुलपात होतं.

“तिचा चेहरा असा झाला...” लाँड्रीवालीनं दोन्ही तळहात आपल्याच गालांवर दाबले. “म्हणे, मुलगी बसमध्ये दिसली मला, आणि ते म्हणतात नावच नाही. पळालीच इथून. शाळेकडे. चालत जायचं म्हटलं तर चाळीस मिनिटं.”

“कुठल्या रस्त्यानं?”

“सरळ. मोठ्या रस्त्यानंच.”

पाच चौदा.

मोठा रस्ता कामावरून सुटलेल्या लोकांनी भरून गेला होता. दोन्ही पदपथांवर माणसंच माणसं, सगळी घाईत, सगळ्यांच्या हातात काहीतरी. थांबेबाई डावीकडे बघत होत्या, बटणला त्यांनी उजवीकडे बसवलं होतं. बस मुंगीसारखी सरकत होती.

“अंगात काय होतं सकाळी?”

“करडा कोट.”

थांबेबाईंना एका नजरेत नऊ करडे कोट दिसले. माणसात मिसळून जायचं कसं, ते त्यांनीच शिकवलं होतं. दिसू नकोस. वाट बघत असल्यासारखी उभी राहू नकोस. हातांनी काहीतरी कर. ते सगळं शिकवलं, पण चुकामूक झाली तर काय करायचं, हे एकदाही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत एकाही आईला नाही.

“हॉर्न दे,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

“इथे हॉर्नला बंदी आहे, बाई.”

“दे म्हणते ना!”

ड्रायव्हरनं दाबून धरला. पदपथावरची सगळी डोकी बसकडे वळली. चिडलेली, दचकलेली, नुसती बघणारी.

एक सोडून. चष्म्याच्या दुकानासमोर करड्या कोटातली एक बाई शाळेची बस बघताच झटकन पाठ फिरवून काचेतल्या चष्म्यांकडे बघू लागली. जणू तिला चष्माच घ्यायचा होता.

“ती बघ,” थांबेबाई म्हणाल्या. “आई आहे ना ती? बटण, हाक मार.”

बटण खिडकीशी गेली आणि थिजली.

“बाई, नको.”

“का?”

“ती तिथे राहते. मागच्या बाकावरची.” दुकानाच्या शेजारच्या जिन्यावर एक मुलगी बसली होती, गुडघ्यावर वही, आणि सगळ्यांसारखी तीही बसकडे बघत होती. “ती बघतेय. तुम्ही जा ना खाली. तुम्ही बोलवा आईला.”

थांबेबाई दाराकडे वळल्या, पण बस मधल्या रांगेत अडकलेली, दाराला लागून दुसरी गाडी. दार उघडेना. मागून हॉर्न वाजू लागले. सिग्नल हिरवा झाला.

“बाई, पुढे घ्यावी लागेल,” ड्रायव्हर म्हणाला.

“घेऊ नकोस.”

“मागे बघा किती गाड्या आहेत!”

“घेऊ नकोस म्हणते!” आणि मग बटणकडे वळून, गुडघे टेकून, तिच्या उंचीला येऊन त्या म्हणाल्या, “मी शिकवलं ते आत्ता विसर. ऐकतेस ना? माझं चुकलं. मार हाक.”

करडा कोट चालू लागला. गर्दी मध्ये आली.

बटणनं खिडकी दोन्ही हातांनी खाली ओढली. “आई!”

रस्त्यावर अशा हाका कितीतरी मुलं मारतात. करडा कोट थांबला नाही.

बटणनं एकदा जिन्यावरच्या मुलीकडे बघितलं. मग खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि असा हलवला की थांबेबाईंना तिला कमरेला धरावं लागलं. “आई! आई गं! मी आहे! बटण! बटण आहे मी!”

आई वळली. पुढे काय झालं, ते ड्रायव्हर अजून सांगतो. ती दोन गाड्यांच्या मधून आली, एकीच्या बॉनेटला हात टेकून, आणि खिडकीतून बाहेर आलेला तो हात तिनं कोपरापर्यंत असा पकडला की जणू हात सोडला तर मुलगी जाणार. सिग्नल पुन्हा लाल झाला होता. मागच्या गाडीतला माणूस मान बाहेर काढून ओरडला, “अहो, घरी जाऊन भेटा की!”

“यादीत नाव नाही म्हणाले,” आई बोलत होती. “ताई, यादीत नावच नाही म्हणाले. मला वाटलं, नेलं.”

“सही कर आधी. इथे. इथे गं. हात स्थिर ठेव.”

“कुठे?”

“इथे, या रेघेवर.”

खिडकीच्या कडेवर कागद ठेवून, मुलीचा हात न सोडता, आईनं डाव्या हातानं सही केली. पाच अठ्ठावीस. थांबेबाईंनी डेपोला फोन लावून तो खिडकीतून बाहेर धरला.

“मी तिची आई बोलतेय,” आई म्हणाली, आणि मग नुसती रडत राहिली.

पलीकडून साहेबांचा आवाज, “पुरे. कळलं. फेरी पूर्ण झाली म्हणून लिहितो.”

नोंद झाली नाही. मात्र त्या रात्री थांबेबाई जेवल्या नाहीत, एवढं त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं. तो म्हणाला, “मला म्हणाली, मी बायकांना नाहीशा व्हायला शिकवते. मी म्हटलं, मग उद्यापासून सापडायला शिकव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण सगळ्यांत आधी चढली तेव्हा काका दाढ काढून सुजलेल्या तोंडानं गाडीवर होते आणि दारात थांबेबाई उभ्या होत्या. त्यांना झोप लागली नव्हती. वर्गात काय होईल याची भीती त्यांना बटणपेक्षाही जास्त होती. दुपारी त्या लाँड्रीत जाऊन बसल्या. चार वीसला बस आली, बटण उतरली, बस वळली, मग बटण आत आली.

“काय म्हणाली ती? जिन्यावरची?”

बटणनं दप्तर चादरींवर टाकलं. चेहरा चिडलेला. “सगळ्या वर्गाला सांगितलं तिनं.”

आईचे हात थांबले. “काय सांगितलं?”

“माझं नाव बटण आहे म्हणून! आता सगळे बटणच म्हणतात! सरांनी पण हजेरी घेताना म्हटलं!” ती आईकडे वळली. “तुझ्यामुळे! तुला दुसरं नाव मिळालं नव्हतं का?”

थांबेबाई हसायला लागल्या ते टेबलाला धरून. लाँड्रीवालीनं त्यांना पाणी आणून दिलं.

फेरीच्या कागदावर आता वरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: क्रम बदलायचा नाही. का म्हणून विचारलं तर थांबेबाईंना फोन करावा. शाळेच्या कार्यालयात एक बंद पाकीट आहे. यादीत नसलेलं नाव कुणी विचारलं, तर नाही म्हणायच्या आधी ते उघडायचं.

आणि रविवारची तालीम आता दोन भागांत होते. पहिल्या भागात न दिसायचं. दुसऱ्या भागात थांबेबाई बस होतात, मुद्दाम चुकीच्या वेळी येतात, थांबतच नाहीत, आणि आईनं किंवा बापानं मागून धावत हाक मारायची असते. बहुतेकांना लाज वाटते. पहिली हाक ओठातच राहते.

परवा एक बाप असाच चाचरत उभा होता. थांबेबाई चाक फिरवत दोनदा निघून गेल्या, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा कोपऱ्यावर मीटर वाचत असल्याचा आव आणून उभा असलेला त्यांचा नवरा पुढे आला.

“बघा, असं,” तो त्या बापाला म्हणाला. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळी गल्ली खिडकीत येईल अशा आवाजात ओरडला, “अगं एऽऽ थांब! मी इथे आहे!”

थांबेबाई ब्रेक दाबून उभ्या राहिल्या आणि वळून त्या बापाला म्हणाल्या, “एवढ्या मोठ्यानं. याहून कमी चालणार नाही.”